वीस गुणांचे गणित : दहावीच्या परीक्षेतील आणि मूल्यमापनातील बदल

बारामतीहून इंदापूरच्या दिशेने निघाले की पिंपळी, लिमटेक, काटेवाडी ही गावे एकामागोमाग लागतात. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढात याच रस्त्याने पुढे सरकते आणि साधारण त्याच सुमारास या गावांतील दहावी उत्तीर्ण मुलामुलींची अकरावी प्रवेशाची धावपळ सुरू असते. २०२४ पर्यंत ही धावपळ बहुधा बारामतीपुरती मर्यादित होती. गुणपत्रिका हाती आली की महाविद्यालयात जाऊन अर्ज भरायचा, यादी लागण्याची वाट पाहायची आणि यादीत नाव नसेल तर दुसरे महाविद्यालय गाठायचे. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया ही मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरी क्षेत्रांची बाब होती. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ती संपूर्ण राज्याला लागू करण्यात आली. पिंपळीच्या विद्यार्थ्यालाही आता पुण्याच्या विद्यार्थ्याप्रमाणेच संगणकावर अर्ज भरावा लागतो, एक ते दहा पसंतीक्रम द्यावे लागतात आणि गुणवत्ता यादीतील आपल्या क्रमांकाची वाट पाहावी लागते. पहिल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि प्रक्रिया काही दिवस पुढे ढकलावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

या यादीचा आधार एकच, तो म्हणजे दहावीचे गुण. हे गुण कसे मिळतात, कोण देते आणि त्याचे नियम किती वेळा बदलले, याची माहिती मात्र पालकांना क्वचितच असते. गेल्या दीड-दोन दशकांत या परीक्षेत इतके फेरफार झाले आहेत, की एकाच घरातील थोरल्या आणि धाकट्या भावंडांच्या टक्केवारीची तुलना करणेही अनेकदा निरर्थक ठरते.

मॅट्रिक ते दहावी

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्याच तुकडीतील उत्तीर्णांपैकी एक. पुढे सुमारे नव्वद वर्षे शालेय शिक्षणाचा शेवट आणि विद्यापीठाचा प्रवेश ही दोन्ही कामे याच परीक्षेने केली. स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे देण्यात आली आणि १९४९ पासून एस.एस.सी. हे नाव रूढ झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६५ चा माध्यमिक शिक्षण मंडळ अधिनियम आला आणि १९६६ पासून पुण्यात राज्य मंडळाचा कारभार सुरू झाला. आज मंडळाची नऊ विभागीय मंडळे आहेत. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे तीन जिल्हे पुणे विभागात येतात. बारामती आणि इंदापूर हे तालुके अर्थातच त्यात मोडतात.

१०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारल्यावर १९७५ च्या मार्चमध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. त्या वर्षी जुन्या अभ्यासक्रमाचे अकरावीचे आणि नव्या अभ्यासक्रमाचे दहावीचे विद्यार्थी एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसले. आज साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना तो गोंधळ आठवत असेल. 'अकरावी मॅट्रिक' हा शब्द ग्रामीण भागातील आजोबांच्या तोंडी अजूनही ऐकू येतो, तो त्याच जुन्या पद्धतीतून आलेला.

शाळेच्या हातातील वीस गुण

दहावीच्या विद्यमान रचनेत सहा विषय आणि सहाशे गुण आहेत. तीन भाषा, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी ऐंशी गुण मंडळाच्या लेखी परीक्षेचे आणि वीस गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. भाषांमध्ये श्रवण व भाषण कौशल्ये, गणितात गृहपाठ व बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी, विज्ञानात प्रात्यक्षिके आणि सामाजिक शास्त्रांत स्वाध्याय-उपक्रम असे या वीस गुणांचे साधारण स्वरूप आहे. शाळेतील शिक्षक हे गुण देतात, शाळा ते मंडळाकडे पाठवते आणि निकालात ते लेखी गुणांत मिसळून जातात.

या पद्धतीमागील विचार चुकीचा म्हणता येणार नाही. भाषा ही बोलण्याची व ऐकण्याचीही गोष्ट आहे आणि तीन तासांच्या लेखी परीक्षेत ती बाजू तपासता येत नाही. ग्रामीण भागातील मुलांच्या दृष्टीने तर ही सोय विशेष महत्त्वाची होती. घरात बोलली जाणारी मराठी आणि पाठ्यपुस्तकातील मराठी यांत अंतर असलेल्या मुलाला इंग्रजीची चार वाक्ये धीटपणे बोलायला लावणे, त्याचे श्रेय त्याच्या पदरात टाकणे, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात मात्र बहुसंख्य शाळांत बहुसंख्य विद्यार्थ्यांना अठरा, एकोणीस किंवा वीस गुण मिळू लागले. शाळेचा निकाल चांगला लागावा हा संस्थाचालकांचा आग्रह, विद्यार्थ्याचे नुकसान आपल्या हातून नको ही शिक्षकांची भावना आणि शेजारची शाळा भरभरून गुण देते ही धास्ती, अशी तिन्ही कारणे त्यामागे होती. अशा स्थितीत एकत्रित पस्तीस गुणांची उत्तीर्णता गाठणे सोपे झाले. तोंडी परीक्षेत अठरा गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला लेखीतील ऐंशीपैकी सतरा गुण पुरेसे ठरू लागले. टीकाकारांचा सर्वांत मोठा आक्षेप याच आकड्यावर होता.

२०१९ चा निकाल

२०१८-१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि त्याबरोबर भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत मूल्यमापन रद्द करण्यात आले. भाषांची प्रश्नपत्रिका शंभर गुणांची झाली. तिचे रूपही पालटले. पाठाखालील ठराविक प्रश्नोत्तरांऐवजी उतारा वाचून आकृत्या पूर्ण करणे, स्वमत मांडणे, उपयोजित लेखन अशा कृतींवर भर देणारी 'कृतिपत्रिका' आली. मार्गदर्शकांतील उत्तरे पाठ करून परीक्षेला सामोरे जाण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांच्या पायाखालची वाळू सरकली.

मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, तो ८९.४१ टक्के होता. एका वर्षात बारा टक्क्यांहून अधिक घसरण झाली. शंभर टक्के गुण मिळवणाऱ्यांची संख्या १२५ वरून २० वर आली. त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून विद्यार्थ्यांच्या 'घसरलेल्या दर्जा'वर पुष्कळ लिहिले गेले. वस्तुतः मुलांचा दर्जा बारा महिन्यांत एवढा खालावत नसतो. बदलला होता तो मोजण्याचा माप. त्याच वर्षी केंद्रीय मंडळाच्या विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण कायम होते, त्यामुळे अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाचे विद्यार्थी मागे पडणार, ही पालकांची तक्रार रास्त होती. परिणामी ऑगस्ट २०१९ मध्ये शासनाने ८०:२० ही पद्धत पुन्हा आणली.

२०२० मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला आणि शंभर टक्के गुण मिळवणारे २० वरून २४२ झाले. या उडीचे सारे श्रेय परत आलेल्या वीस गुणांना देता येणार नाही. कृतिपत्रिका आता शिक्षकांच्या परिचयाची झाली होती आणि करोनाच्या टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच होऊ शकला नव्हता. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून देण्यात आले. तरीही ७७ वरून ९५ हा प्रवास पाहिल्यावर एक गोष्ट मान्य करावी लागते. निकालाच्या टक्केवारीवरून शिक्षणाची गुणवत्ता ठरवण्याचा आपला परिपाठ फारच भाबडा आहे.

परीक्षेविना निकाल

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दहावीची परीक्षा रद्द झाली. निकालाचे सूत्र असे ठरले : नववीच्या अंतिम निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाचे ३० गुण आणि दहावीच्या तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. निकाल लागला ९९.९५ टक्के. या सूत्रात सर्वांत अनपेक्षित ठरली ती नववी. दहावीचे 'खरे' वर्ष पुढे आहे, असे म्हणून नववीकडे दुर्लक्ष करणाऱ्या मुलांना आपले अर्धे भवितव्य आधीच लिहून झाले असल्याचे नंतर कळले. दहावीच्या वर्षभरातील मूल्यमापनही ज्यांच्या घरी एकच मोबाइल आणि तोही वडिलांसोबत शेतावर, अशा मुलांसाठी कसे झाले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

अकरावी प्रवेशासाठी त्या वर्षी स्वतंत्र सामाईक परीक्षा घेण्याचा शासनाचा निर्णय होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द ठरवला आणि प्रवेश अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांवरच झाले. २०२२ मध्ये लेखी परीक्षा परतली. अभ्यासक्रम पंच्याहत्तर टक्के ठेवण्यात आला, वेळ वाढवून देण्यात आला आणि परीक्षा विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या शाळेत झाली. निकाल ९६.९४ टक्के होता. २०२३ मध्ये तो ९३.८३, २०२४ मध्ये ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के असा राहिला. नव्वदीच्या पुढचा हा निकाल आता नित्याचा झाला आहे.

'बेस्ट फाइव्ह' आणि न्यायालये

गुणांच्या या स्पर्धेला शहरांत आणखी एक पदर होता. आयसीएसई व सीबीएसई मंडळांच्या विद्यार्थ्यांना मिळणारे गुण राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक असतात आणि नामांकित महाविद्यालयांतील जागा ते घेऊन जातात, ही जुनी तक्रार. ती दूर करण्यासाठी शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले. न्यायालयात ते टिकले नाही. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना आणि दहा टक्के इतरांना, असा तोडगा काढला. तोही उच्च न्यायालयाने रद्द केला. २०१० मध्ये सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढण्याचे, म्हणजे 'बेस्ट फाइव्ह'चे धोरण आले. आयसीएसईच्या पालकांनी त्याला आव्हान दिले, उच्च न्यायालयाने जूनमध्ये ते फेटाळले आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. तेव्हापासून ते कायम आहे.

तीन वर्षांत तीन सूत्रे आणि तिन्ही न्यायालयात, असा तो काळ होता. त्या प्रत्येक जूनमध्ये हजारो मुले निकालानंतरही कित्येक आठवडे अधांतरी राहिली.

'बेस्ट फाइव्ह'चा एक परिणाम असा, की एखादा विषय कच्चा असला तरी टक्केवारी चांगली दिसू शकते. बहुतेकदा हा विषय गणित वा इंग्रजी असतो. बारावी विज्ञान शाखेत गेल्यावर तोच कच्चा विषय पुन्हा समोर उभा राहतो. शंभर टक्के गुणांचे कोडेही येथेच सुटते. सहाही विषयांत पैकीच्या पैकी गुण मिळवणारे विद्यार्थी विरळाच. पाच विषयांचे गुण आणि त्यात चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा, शास्त्रीय व लोककला, क्रीडा यांचे सवलतीचे गुण मिळवले की पाचशेपैकी पाचशे होऊ शकतात. २०२५ मध्ये असे २११ विद्यार्थी होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या लातूर विभागातील होते. मंडळ पूर्वी प्रसिद्ध करीत असे ती गुणवत्ता यादी बंद झाली खरी, पण शंभर टक्केवाल्यांची संख्या आता तिच्या जागी आली आहे.

परीक्षा केंद्रावर

कार्यपद्धतीतील बदल तुलनेने शांतपणे झाले. उत्तरपत्रिकेवर बारकोड आले, त्यामुळे ती कोणत्या शाळेतील, कोणत्या विद्यार्थ्याची, हे परीक्षकाला कळत नाही. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे आधी मिळत असे. या दहा मिनिटांत तिची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पोहोचू लागल्याने २०२३ पासून ही सवलत बंद झाली आणि तेवढी दहा मिनिटे परीक्षेच्या शेवटी वाढवून देण्यात आली. 'कॉपीमुक्त' अभियान दरवर्षी राबवले जाते.

अनुत्तीर्णांसाठी २०१५ पासून निकालानंतर लगेच, जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि तोवर वर्ष हातचे गेलेले असे. या एका बदलाने अनेक मुलींची लग्ने काही काळ तरी लांबली असतील, असे ग्रामीण भागातील शिक्षक सांगतात. ते खरे मानायला हरकत नाही. शाळा सुटलेल्यांसाठी '१७ नंबरचा अर्ज' भरून खासगीरीत्या बसण्याची सोय जुनीच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये वर्षातून दोनदा मंडळाची परीक्षा घेण्याची कल्पना मांडली आणि केंद्रीय मंडळाने २०२६ पासून दहावीसाठी ती अमलात आणण्याचे ठरवले. आपल्या राज्यात पुरवणी परीक्षा आणि उत्तीर्णांसाठीची श्रेणीसुधार योजना यांच्या रूपाने दुसरी संधी आधीपासूनच अस्तित्वात आहे. पालकांना तिची पुरेशी माहिती नाही, एवढेच.

पायाचा प्रश्न

दहावीच्या मूल्यमापनाचा विचार नववीपर्यंतच्या मूल्यमापनाला सोडून करता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर राज्यात २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. हेतू स्वागतार्ह होता. परंतु शिकवण्यातील त्रुटी दाखवण्यासाठी असलेल्या नोंदी अनेक ठिकाणी केवळ तक्ते भरण्यापुरत्या उरल्या. त्यामुळे विद्यार्थ्याची पहिली खरी गाळणी नववीत लागू लागली. दहावीचा निकाल शंभर टक्के लावण्यासाठी कच्च्या मुलांना नववीतच थोपवण्याचे किंवा त्यांना १७ नंबरच्या वाटेला लावण्याचे प्रकार घडतात, हे शिक्षण क्षेत्रातील उघड गुपित आहे. डिसेंबर २०२३ मध्ये शासनाने पाचवी व आठवीसाठी पुन्हा वार्षिक परीक्षा आणली, ती या अनुभवानंतर.

आता राज्यव्यापी प्रवेशप्रक्रियेमुळे वीस गुणांच्या प्रश्नाला नवी धार आली आहे. बारामतीच्या महाविद्यालयात पूर्वी जवळपासच्या शाळांतील मुलेच प्रामुख्याने अर्ज करीत. कोणती शाळा गुणांच्या बाबतीत सढळ आणि कोणती काटेकोर, हे तेथील प्राध्यापकांना ठाऊक असे. संगणकाला हे ठाऊक नसते. पिंपळीच्या एखाद्या मुलीला तिच्या शाळेने प्रामाणिकपणे भाषेचे चौदा गुण दिले आणि दुसरीकडे एकाला सरसकट वीस मिळाले, तर पाचशेच्या हिशेबात एका विषयामागे एक टक्क्याहून अधिक फरक पडतो. तीन भाषांत तसे झाले तर साडेतीन टक्क्यांहून अधिक. नामांकित महाविद्यालयांच्या प्रवेश यादीत एवढ्या अंतरात शेकडो विद्यार्थी असतात.

लेखी परीक्षेबाबत शंका असल्यास विद्यार्थ्याला गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि ती मिळाल्यावर विहित मुदतीत पुनर्मूल्यांकनही करून घेता येते. तोंडी परीक्षेची मात्र उत्तरपत्रिकाच नसते. त्या मुलीने किती धीटपणे उत्तरे दिली होती, याची नोंद शिक्षकाच्या गुणपत्रकातील एका आकड्यापलीकडे कोठेच शिल्लक राहत नाही. अंतर्गत मूल्यमापन ठेवायचेच असेल, आणि ते ठेवावे असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे, तर तोंडी परीक्षेसाठी बाहेरील शाळेचा शिक्षक बोलावणे किंवा शाळेने दिलेल्या गुणांची तिच्या लेखी निकालाशी मंडळाने पडताळणी करणे, यांपैकी एखादी तजवीज करावी लागेल. आणि ती नववीत प्रवेश घेणाऱ्या तुकडीला आधी सांगून, दोन वर्षांनंतर अमलात आणावी लागेल.